सातबाऱ्यावर १७ नावं आणि शेतात काकू

गेल्या मे महिन्यात लालबागला आमच्या खोलीत घरचीच एक मीटिंग झाली. १७ जणांपैकी ११ आले, खोली दहा बाय बाराची, त्यामुळे निम्मे जण गॅलरीत उभे राहूनच बोलत होते. विषय गावची जमीन. संगमेश्वर तालुक्यात आमची २ एकर १० गुंठे जमीन आहे, थोडी भाताची, बाकी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, आणि हायवेचं काम सुरू झाल्यापासून तिला सारखं गिऱ्हाईक येतंय. यावेळचं गिऱ्हाईक ठाण्याचं, सेकंड होमचे प्लॉट पाडायचे म्हणतंय, स्वतःकडे शेतकरी दाखला आहे म्हणून खरेदीला अडचण नाही, आणि एजंटचं म्हणणं एवढंच की सगळ्यांच्या सह्या एकदम द्या, दिवाळीच्या आत पैसे खात्यात.

बोलता बोलता माझा चुलतभाऊ म्हणाला, "जमीन कसेल त्याची असं आपणच म्हणत आलो ना, मग आता कोणी कसतच नाही तर ठेवायची कशाला?" आणि तेव्हा काकू तिथेच बसली होती. रात्रीच्या एसटीने आलेली, सोबत घरचे तांदूळ आणि कोकमं आणलेली. त्या जमिनीत गेली ३५ वर्षं दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उतरणारी बाई समोर बसलेली असताना "कोणी कसतच नाही" हे वाक्य बोललं गेलं आणि आमच्यापैकी एकालाही खटकलं नाही, मलासुद्धा त्या क्षणी नाही. रात्री झोपताना खटकलं. मी ज्युनिअर कॉलेजात लॉजिक शिकवते, एखादा शब्द वाक्यात नेमका कोणाला धरतो आणि कोणाला वगळतो हे मुलांना समजावणं हेच माझं काम, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतेय.

आधी कागद काय म्हणतात ते. जमीन आजोबांच्या नावावर झाली ती कुळकायद्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला ती मिळवून देणाऱ्या कायद्याने. त्यांना ५ मुलं, ३ मुलगे २ मुली. माझे वडील थोरले, मुंबईत वारले, आमच्या शाखेत आई धरून ४ नावं. मधल्या काकांची ४. धाकटा काका एकटाच गावी राहिला, तो २०११ ला गेला, त्याची बायको म्हणजे ही काकू आणि तिची दोन मुलं, ३ नावं. मोठी आत्या गेली, तिची ५ मुलं, आणि धाकटी आत्या डोंबिवलीला असते ती एक. झाली १७. आत्यांची नावं खूप उशिरा लागली, "लग्न होऊन गेल्या" म्हणून पहिल्या वारस नोंदीत घातलीच नव्हती, तो वेगळाच विषय आहे. आता ९० गुंठ्यांचे ५ भाग केले तर एका शाखेला १८ गुंठे, माझ्या वाट्याला साडेचार आणि काकूच्या स्वतःच्या वाट्याला ६. म्हणजे ज्या बाईने ३५ वर्षं कसली तिचा हिस्सा ६ गुंठे आणि मी जिने आयुष्यात एकदा, सहावीच्या सुट्टीत, हौस म्हणून आवण, म्हणजे भाताची रोपं, काढलंय तिचा साडेचार. धाकट्या आत्याचा तर १८.

आता मागे जाऊ. आमचं घर खोताचं कूळ. ज्यांना खोती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांकडे सरकार आणि शेतकरी यांच्या मधे खोत असायचा, सारा तो भरायचा आणि कुळांकडून भाताचा वाटा तो घ्यायचा, आमच्याकडे अर्धेली, म्हणजे निम्मं भात खोताच्या कणगीत. वर वेठ, म्हणजे फुकट राबणं. ही पद्धत आपोआप गेली नाही. अलिबाग तालुक्यात चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९, तब्बल सहा वर्षं, जमीन कसायचीच नाही असा संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं आणि जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. खोती कायद्याने गेली ती पार १९४९ ला. मग १९४८ च्या कुळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ ही तारीख आली, कृषक दिन, त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होतं त्याने ती विकत घेतली असं कायद्यानेच मानलं. पुढे त्याच कायद्याच्या कलम ३२ ग ची चौकशी, त्यात किंमत ठरायची, साऱ्याच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत. आमचा आकार, म्हणजे सारा, ७ रुपये काही पैसे. आजोबांना सहाशे आणि वर काही रुपये बसले, ते हप्त्याहप्त्याने फेडले, मग खरेदी पूर्ण झाल्याचं, कलम ३२ म चं सर्टिफिकेट मिळालं. ते अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी. आजीने त्या दिवशी वाडीत पेढे वाटले होते.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं, आमच्या घरात ही अभिमानाची गोष्ट आहे आणि असायलाच पाहिजे. पण एक प्रश्न मी कधी विचारला नव्हता. १ एप्रिल १९५७ ला आजोबा होते कुठे? ते लालबागला होते. गिरणीत, पाळीत. गावकीच्या गाळ्यात वीस-बावीस जणांत एक वळकटी त्यांची, वर्षातून दोनदा गावी, शिमग्याला आणि गणपतीला. शेत कसत होती आजी. राब भाजणं, म्हणजे रोपांची जागा पालापाचोळा टाकून जाळणं, लावणी, कापणी, झोडणी सगळं आजी, आणि नांगराला शेजारच्या वाडीतला एक गडी.

मग कायद्याने आजोबांना कसणारा कसं धरलं? मी कायदा काढून वाचला. त्यात "जातीने कसणे" याची व्याख्या आहे. स्वतःच्या श्रमाने कसलं तर जातीने कसलं, घरातल्या कोणा माणसाच्या श्रमाने कसलं तरी जातीने कसलं, आणि स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून कसलं तरीही जातीने कसलं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. आजीचे कष्ट कायद्याने मोजले होते, नाही असं नाही, पण मोजून आजोबांच्या खात्यात टाकले. आणि त्या गड्याचे कष्टही मोजले, तेही तिथेच टाकले. गडी कूळ होऊच शकत नव्हता, कारण रोजावरचा मजूर आणि घरचा माणूस या दोघांनाही कूळ मानायचं नाही असं त्याच कायद्यात कलम ४ मधे आहे.

हा विचार काही एका मामलेदाराच्या डोक्यातून आलेला नाही, फार जुना आहे. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, खाजगी मालकी कुठून येते याचं त्याचं उत्तर जगभर शिकवलं जातं, की माणूस आपले कष्ट जमिनीत मिसळतो म्हणून ती त्याची होते. ऐकायला अगदी "कसेल त्याची जमीन". पण त्याच मांडणीत तो सहज म्हणून जातो की माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने कापलेली गवताची ढेकळं हीसुद्धा माझीच. नोकराचे कष्ट नोकराचे का नाहीत हे तो सांगत नाही, त्याला तो प्रश्नच वाटत नाही. म्हणजे १६८० च्या सुमारास इंग्लंडात बसून लिहिलेल्या त्या ओळीत आमच्या वाडीतला गडी आहे आणि आमची आजीपण आहे. "कसेल त्याची" असं म्हणताना व्यवहारात आपण म्हणतो ते "ज्याच्या नावाने कसली जाईल त्याची". एवढी वर्षं ही घोषणा मी ऐकली आणि त्यातला तो "त्याची" कोण, हे पाहिलंच नाही.

पण मी आजोबांवर अन्याय करणार नाही. ते सहाशे रुपये गिरणीच्या पगारातून गेले, मनीऑर्डरने. बैल घेतले ते पगारातून, घर कौलारू केलं ते पगारातून. त्यांच्या फुप्फुसात कापसाची धूळ जात होती तेव्हा गावी भात उगवत होतं, आणि त्या जमिनीवर वर्षाचं खाणं कधीच निघालं नाही, चांगल्या साली सात-आठ महिने पुरायचं. इथे बाबासाहेबांचा १९१८ चा लेख फार उपयोगी पडतो, हिंदुस्थानातल्या लहान जमीनधारणेवरचा. तेव्हा सगळे म्हणत होते की तुकडे जोडा, धारणा मोठ्या करा म्हणजे शेती सुधारेल. त्यांनी उलटा सवाल टाकला की किती एकर याला स्वतःचा काही अर्थ नसतो, त्या एकरावर भांडवल किती आणि हात किती ते बघा, आपल्याकडे जमिनीवर गरजेपेक्षा जास्त हात अडकलेत, ते हात उद्योगात गेले तरच शेतीला श्वास मिळेल. लालबाग-परळ म्हणजे हे वाक्य विटांनी बांधून काढलेलं होतं. कोकणातले जादा हात इथे आले आणि इथून मनीऑर्डरी गेल्या.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो धड मिटलाच नाही. वडील तेव्हा गिरणीत लागून चार वर्षं झाली होती. ज्या उद्योगावर जमिनीचा भार टाकायचा तोच बसला, आणि बरेच जण गावी परत गेले, आमचा धाकटा काका त्यातलाच. म्हणजे संकट आलं तेव्हा जमिनीने माणूस सांभाळला, पोट अर्धंच भरलं पण भरलं, आणि गावात "ह्यांची जमीन आहे" ही पत राहिली. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की दोन एकराने गरिबी हटत नाही तर जमीनवाटपाचा काय उपयोग, तेव्हा मला ते पटत नाही. अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथांनी १९७१ ला पुण्यातून हेच सांगितलं होतं की सगळ्यांना पुरेल एवढी जमीन वाटायला नाहीच, काम द्या, आणि रोजगार हमी पुढे उभी राहिली ती त्याच दिशेने. हिशोब त्यांचा बरोबर आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४. वाटून वाटून काय उरणार. पण जमीन फक्त उत्पन्नासाठी नसते, पडलो तर कुठे पडणार त्याची ती जागा असते, हे १९८२ ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही.

किंमतीचं बघा आता. सहाशे रुपयाला घेतलेल्या जमिनीला एजंट जो आकडा सांगतोय तो ऐकून मीटिंगमधे सगळे गप्प झाले. कुळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन आहे आमच्या सातबाऱ्यावर, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही, पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षं उलटून गेलेल्या जमिनीला आकाराच्या ४० पट भरलं की परवानगी लागत नाही, म्हणजे आमचे तीनशेच्या आतच. तर ही वाढलेली किंमत कोणी निर्माण केली? आम्ही सतराजणांनी? काकूनेही नाही. ती आली रस्त्यामुळे, आणि रस्ता लोकांच्या पैशाने झाला. हेन्री जॉर्ज म्हणून अमेरिकन विचारवंत होता, १८७९ ला त्याने हेच मांडलं की समाजाच्या प्रगतीने जमिनीचा जो भाव वाढतो तो मालकाने न कमावलेला असतो, करातून तो समाजाकडे परत यावा. लालबागला राहून हे न पटायला काय झालं, गिरण्यांच्या जमिनींवर कोणाच्या कष्टाने काय उभं राहिलं आणि भाव वाढल्यावर वाटा कोणाला मिळाला ते आम्ही खिडकीतून बघतोय. तिथे आम्ही म्हणायचो, इथे आम्ही राबलोय, नाव मालकाचं असेल पण हक्क आमचापण आहे. अगदी तेच वाक्य काकू आम्हाला म्हणू शकते. वाडीतला दादा काकूला म्हणू शकतो. त्याच्याबद्दल सांगायचं राहिलं.

१९५७ ला जो गडी आजीच्या नांगरावर होता त्याचा नातू. वय चाळीसच्या आसपास. त्याच्या घराला तेव्हाही जमीन नव्हती आणि आजही नाही, राहतं घरच काय ते. काका गेल्यापासून नांगरणी पॉवर टिलरने हाच करतो, निम्मी लावणी त्याची बायको करते, रात्री रानडुकरांवर राखणीला हाच, आणि भात काकू आणि तो निम्मं निम्मं वाटून घेतात. अर्धेली. शब्दही तोच. फक्त खोताच्या जागी आता आमचं घर आहे. आणि यातलं काहीही कागदावर नाही, कारण कागद केला तर "कूळ लागेल". कोकणातल्या कुठल्याही घरी विचारा, जमीन पडीक का, तर हेच उत्तर. १९५७ नंतर लागलेल्या कुळालासुद्धा हक्क मागायची वाट कायद्यात आहे म्हणून मालक खंडाने देतच नाहीत, गडगे ढासळतात, रान माजतं, आणि ज्याला कसायची आहे तो शेजारच्या बांधावरून बघत राहतो. नीती आयोगाने २०१६ ला शेतजमीन भाड्याने देण्यासाठी एक आदर्श कायदा सुचवला, मालकी मालकाकडेच पण कसणाऱ्याचं नाव कागदावर, जेणेकरून त्याला पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळावी. मला तो अर्धाच पटतो. कसणाऱ्याला ओळख मिळते हे खरं, पण ओळख मिळाली तरी तो मालक होत नाही. तरी आज काहीच नाही त्यापेक्षा ते बरंच.

मार्च २०१८ ला नाशिकहून चालत हजारो आदिवासी शेतकरी मुंबईत आले होते, दहावीच्या मुलांची परीक्षा म्हणून रात्रीच चालत आझाद मैदानाला गेले, आठवत असेल सगळ्यांना. आपण पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिलो. त्यांची एक मोठी मागणी काय होती, की वनजमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो, ती आमच्या नावावर करा. आपल्याला ते लगेच पटलं, कारण समोर मालक म्हणून सरकार होतं. मालक म्हणून आपण स्वतः असलो की तेच पटायला जड जातं, हे मी माझ्या घरात पाहिलं.

तर माझा प्रस्ताव असा होता. विकायची नाही. काकूच्या शाखेबाहेरच्या १४ जणांनी काकूच्या नावाने हक्कसोडपत्र करायचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती म्हणून कार्यक्रम राबवला होता, शेतकरी नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावे करायचा, आणि गावंच्या गावं त्यात उतरली होती. कायद्याने लादलेलं नाही, बायकांचं देणं लागतो म्हणून. आपण आजीचं देणं लागतो, ते आजीला देता आलं नाही, काकूला देऊ, असं मी म्हणाले. आईने लगेच हो म्हटलं. डोंबिवलीची आत्या, जिचा सगळ्यात मोठा वाटा, ती म्हणाली "मला माहेरची साडी मिळाली तरी पुष्कळ", ते ऐकून मला उलट वाईटच वाटलं, कारण हे तिने मनापासून सोडणं आहे की बायकांनी सोडायचंच असतं म्हणून सोडणं आहे ते मला अजून कळलेलं नाही. मधल्या काकांचे तिघे मुलगे नाही म्हणाले. त्यातल्या एकाच्या डोक्यावर नालासोपाऱ्याच्या घराचं कर्ज आहे, नोकरी कंत्राटी, त्याला हे पैसे खरंच हवेत. त्याला लोभी म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच्यासाठी ती साडेचार गुंठ्यांची रक्कम म्हणजे १९८२ ला आमच्यासाठी जशी जमीन होती तशीच पडायची जागा आहे.

मग सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. ती इतका वेळ तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माझ्या नावाने करून काय होयाचा? माझी दोन्ही पोरं विरारला. मी गेले का त्यांच्या नावाने, मग परत हीच मीटिंग, खोली तेवढी दुसरी." आम्ही गप्प. मग म्हणाली, करायचंच असेल तर वाडीतल्या दादाचा काहीतरी कागद करा, भाताचा तुकडा तो लावतो, त्याचं नाव कुठेतरी येऊ दे, गेल्या साली अवकाळीत भात आडवं झालं, पंचनामा झाला, पैसे आपल्या सतराजणांत वाटायचे म्हणे, त्याला काय मिळालं? चुलतभाऊ ताडकन म्हणाला, "काकू, कागद केला तर कूळ लागेल तो!" आणि काकू म्हणाली, "तुझ्या आजोबांना लागलं तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले. आता दुसऱ्याला लागलं तर काय वाईट?"

यावर कोणाकडेही उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, कारण मी माझा सगळा युक्तिवाद काकूपर्यंत आणून थांबवला होता. गड्याचे कष्ट लॉकने मालकाच्या नावे टाकले म्हणून मला राग आला आणि माझ्या प्रस्तावात मी ते काकूच्या नावे टाकत होते. बाबासाहेबांनी १९४७ ला घटनेसाठी जो आराखडा दिला होता त्यात जमीन कोणाच्याच मालकीची नको, सरकारच्या मालकीची असावी, गावातल्या सगळ्यांना जात-धर्म न बघता कसायला द्यावी, अवजारं भांडवल सरकारने पुरवावं, असं म्हटलंय. सरकारच्या हातात सगळी जमीन या कल्पनेने मी आधी बिचकायचे, आजही थोडी बिचकतेच. पण वारसाने नावं वाढत जातात आणि कसणारा बाहेरच राहतो, हा गुंता मालकी ठेवून सुटत नाही हे त्यांना दिसलं होतं, ते मला काकूमुळे दिसलं.

सध्या प्रकरण असं आहे. विक्री थांबली, कारण १७ पैकी ६ जणांनी सही देणार नाही म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाईक पुढच्या गावात गेलं. आम्ही आमच्या शाखेचे चौघे आणि आत्या, असे पाच जण हक्कसोड करायला तयार आहोत, म्हणजे ३६ गुंठे. वकिलांना विचारलंय की त्यातला भाताचा तुकडा, साधारण १५ गुंठे, सरळ दादाच्या नावाने करता येईल का. ते म्हणाले, त्याला आधी शेतकरी असावं लागेल, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. तीन पिढ्या शेत नांगरलेल्या घराकडे शेतकरी दाखला नाही. त्यासाठी परवानगीचा काही मार्ग निघतो का हे वकील बघतायत. तोवर काकूने साध्या कागदावर लिहून दिलंय की हा तुकडा २०११ पासून तो लावतो, खाली तिची सही, माझी आणि आईची साक्ष, आणि तो कागद तिने ट्रंकेतल्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, ३२ म च्या सर्टिफिकेटाखाली ठेवलाय.